नवजात बाळाला दिलेली प्रतिजैविके, पोटातले जिवाणू आणि आतड्याची वाढ

निशिगंध

नमस्कार. माझ्या भाचीचा श्वास जन्मानंतर जलद चालत होता, म्हणून तिला नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात ठेवले आणि जंतुसंसर्गाच्या शंकेवरून शिरेतून दोन प्रतिजैविके सुरू केली. रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तात जंतू आहेत का हे ते वाढवून पाहण्याच्या चाचणीत) पुढे काहीही वाढले नाही, तरी औषधांचा ठरलेला कोर्स पूर्ण करण्यात आला. आता ती घरी आहे, अंगावर व्यवस्थित पिते आणि तिचे वजनही वाढते आहे. मला कोणाविरुद्ध तक्रार करायची नाही.

मला समजून घ्यायचे आहे ते असे. आयुष्याच्या पहिल्या काही दिवसांत दिलेल्या प्रतिजैविकांमुळे आतड्यातील जिवाणूंवर नेमका काय परिणाम होतो आणि तो किती काळ टिकतो? परिणाम केवळ जिवाणूंवर होतो, की खुद्द आतड्याच्या वाढीवरही होतो? या विषयावर पालकांच्या समूहांत जे फिरते आहे त्यातले बरेचसे केवळ घाबरवणारे आहे. त्यामुळे उंदरांवरचे निष्कर्ष कोणते आणि माणसांच्या बाळांवरचे कोणते, हे वेगळे करून कोणी सांगितल्यास फार उपकार होतील.

सूक्ष्मदर्शी

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे जिवाणूंकडून सुरुवात करतो.

जन्माच्या वेळी बाळाच्या आतड्यात थोडा ऑक्सिजन असतो. त्यामुळे ऑक्सिजन असताना आणि नसतानाही जगू शकणारे ई. कोलाय, एंटरोकॉकस यांसारखे जिवाणू आधी स्थिरावतात. त्यांनी ऑक्सिजन वापरून संपवला, की ज्यांना तो सोसत नाही अशा बायफिडोबॅक्टेरियम आणि बॅक्टेरॉइड्स गटांना जागा मिळते. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल ज्या घन पदार्थांचे प्रमाण सर्वाधिक असते, त्या ऑलिगोसॅकराइड नावाच्या गुंतागुंतीच्या शर्करा बाळाला स्वतःला पचवताच येत नाहीत. त्या पचवण्याची क्षमता मुख्यतः बायफिडोबॅक्टेरियमच्या काही जातींकडे असते. म्हणजे आईच्या दुधाचा एक मोठा वाटा बाळासाठी नसून बाळाच्या पोटातील जिवाणूंसाठी असतो, आणि मला ही गोष्ट आजही विलक्षण वाटते. हे जिवाणू त्या शर्करांपासून ॲसिटेट आणि लॅक्टेट तयार करतात, आतड्यातील आम्लता वाढते आणि अपायकारक जिवाणूंची वाढ रोखली जाते.

आता आतड्याच्या वाढीविषयी. पूर्णपणे जंतुरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये लहान आतड्याच्या आतील, अन्नरस शोषणारे बारीक अंकुर वेगळ्या घडणीचे होतात, त्यांच्या तळाशी असलेल्या खाचा उथळ राहतात, श्लेष्माचा थर नीट तयार होत नाही आणि आतड्याच्या भिंतीतील लसिकापेशींचे पुंजके खुजे राहतात. 2002 साली सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले, की अशा उंदरांत अंकुरांमधील केशवाहिन्यांचे जाळे अर्धवटच राहते. मात्र मोठेपणी जरी त्यांच्या पोटात जिवाणू सोडले, तरी ते जाळे दहा दिवसांत पूर्ण होते. याउलट 2012 साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आलेल्या एका अभ्यासात असे दिसले, की जंतुरहित उंदरांच्या मोठ्या आतड्यात दाह वाढवणाऱ्या एका प्रकारच्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) साठतात आणि हा दोष जिवाणू जन्मानंतर लगेच मिळाले तरच टळतो. मोठेपणी जिवाणू देऊन तो दूर होत नाही.

या दोन निष्कर्षांतला फरक महत्त्वाचा आहे. आतड्याच्या काही गोष्टी उशिरा का होईना, भरून निघतात, तर काहींची वेळ ठरलेली असते. तुमच्या प्रश्नाचे एकच एक उत्तर देता येत नाही, ते यामुळेच.

रानवारा

सर, जंतुरहित उंदीर आणि प्रतिजैविक मिळालेले बाळ यांच्यात फार मोठे अंतर आहे. औषधाने सगळेच जिवाणू मरत नाहीत.

सूक्ष्मदर्शी

@रानवारा, आक्षेप योग्य आहे. जंतुरहित उंदीर ही टोकाची अवस्था आहे. जिवाणूंचे काम काय, एवढेच त्यातून कळते. ते काही दिवसांपुरते विस्कळीत झाले तर काय होईल, हे कळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष औषध दिलेल्या पिल्लांवरचे प्रयोग पाहावे लागतात. मेलबर्न विद्यापीठातील एका गटाने उंदरांच्या पिल्लांना जन्मानंतरचे पहिले दहा दिवस तोंडावाटे व्हॅन्कोमायसिन दिले, तेव्हा मोठ्या आतड्याची हालचाल आणि त्याच्या भिंतीतील चेतापेशींची रचना बदललेली आढळली. औषध थांबवल्यानंतर, उंदीर मोठे झाल्यावरही काही बदल टिकून होते आणि ते नर व मादीत सारखे नव्हते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील गटाने 2019 साली दूध सुटण्याच्या काळाकडे लक्ष वेधले. त्या काळात नव्या जिवाणूंना प्रतिसाद म्हणून आतड्यात रोगप्रतिकारक हालचालींची एक मोठी लाट येते. ती प्रतिजैविकांनी दडपली, तर ते उंदीर पुढे आतड्याच्या दाहाला अधिक सहज बळी पडतात.

अर्थात हे सगळे उंदरांतलेच आहे.

कोयनाकाठ

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि नवजात शिशूंच्या विभागात काम करते. चर्चा पुढे जाण्यापूर्वी ही औषधे का दिली जातात ते सांगणे मला आवश्यक वाटते.

नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला आहे हे ओळखणे अत्यंत अवघड असते. जलद श्वास, दूध न ओढणे, अंग थंड पडणे, मलूलपणा ही लक्षणे संसर्गाचीही असतात आणि फुप्फुसांतील पाणी निघून जाण्यास लागलेल्या विलंबाचीही असतात. खरा संसर्ग असेल तर काही तासांत बाळ हातचे जाऊ शकते. दिल्लीतील तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांतील अतिदक्षता विभागांत दाखल झालेल्या 13,530 नवजात बालकांचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात कल्चरमध्ये सापडलेल्या जंतूंत ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय हे प्रमुख होते, आणि ॲसिनेटोबॅक्टरपैकी सुमारे 82 टक्के अनेक औषधांना दाद न देणारे होते. हे चित्र डोळ्यांपुढे असताना शंका येताच औषध सुरू करणाऱ्या डॉक्टरला दोष देणे अन्यायाचे होईल.

औषध सुरू का केले, यावर माझा आक्षेप नसतो. कल्चर स्वच्छ आल्यावर आणि बाळ सुधारल्यावर ते थांबवले का नाही, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2018 च्या सूचनांनुसार, कल्चरमध्ये काही न वाढल्यास आणि शरीराच्या एखाद्या भागात स्थिरावलेल्या संसर्गाचा पुरावा नसल्यास 36 ते 48 तासांत प्रतिजैविके थांबवावीत. ‘सुरू केलेच आहे तर पाच-सात दिवस पूर्ण करू’ ही आपल्याकडची सवय जायला हवी, असे मला मनापासून वाटते.

पाणवठा

माझा मुलगा अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मला. त्याला मिळालेल्या प्रत्येक औषधाबद्दल मी कृतज्ञ आहे. एवढे नोंदवून पुढचे वाचतो.

कालवेकाठी

मी नेदरलँड्समध्ये राहतो आणि जैवसांख्यिकीत काम करतो. निशिगंध यांच्या ‘माणसांत काय दिसते’ या प्रश्नाला सर्वांत थेट उत्तर देणारा अभ्यास इथलाच आहे आणि तो 2022 साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये प्रसिद्ध झाला. जन्मानंतर संसर्गाच्या शंकेने प्रतिजैविके द्यावी लागलेल्या 147 बाळांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने तीनपैकी एक औषधजोडी देण्यात आली आणि औषध न मिळालेल्या 80 बाळांशी त्यांची तुलना केली गेली. औषध मिळालेल्या बाळांच्या शौचात बायफिडोबॅक्टेरियम कमी झाले, तर क्लेबसिएला आणि एंटरोकॉकस वाढले. परिणाम उपचारानंतर लगेच सर्वाधिक होता, पुढे ओसरत गेला, तरी त्याच्या खुणा बारा महिन्यांपर्यंत दिसत होत्या.

मला त्याहून उपयुक्त वाटलेली गोष्ट वेगळी आहे. तीन जोड्यांपैकी पेनिसिलिन आणि जेंटामायसिन या जोडीचा जिवाणूंवर सर्वांत कमी परिणाम झाला, आणि औषधांना दाद न देण्याची जनुकेही तिच्यात सर्वांत कमी वाढली. अमॉक्सिसिलिन-सेफोटॅक्सिम आणि को-अमॉक्सिक्लॅव्ह-जेंटामायसिन या जोड्यांनी अधिक उलथापालथ केली. म्हणजे औषध द्यावे की नाही याच्याइतकेच, कोणते द्यावे हेही महत्त्वाचे आहे.

कोयनाकाठ

@कालवेकाठी, सहमत आहे, पण आपल्याकडे एक अडचण येते. ज्या विभागात क्लेबसिएला आधीच साध्या औषधांना जुमानत नाही, तिथे पेनिसिलिन-जेंटामायसिनवर विसंबणे धोक्याचे ठरू शकते. युरोपातील औषधजोडी जशीच्या तशी इथे आणता येत नाही. प्रत्येक रुग्णालयाने आपल्याकडे कोणते जंतू सापडतात याची नोंद ठेवून त्यावरून पहिली औषधे ठरवावीत.

वैनगंगा

या धाग्यात गडचिरोलीचा उल्लेख व्हायलाच हवा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि तुलनेसाठी 47 गावे घेतली. गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या आरोग्यदूत महिलांना प्रशिक्षण दिले गेले. बाळाला जंतुदोषाची लक्षणे दिसताच त्या घरी जाऊन जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि को-ट्रायमॉक्झाझोलचे औषध देत. 1999 साली लॅन्सेटमध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी कमी झाला होता. जंतुदोष झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण उपचारांपूर्वी 16.6 टक्के होते, ते 2.8 टक्क्यांवर आले.

मी त्या जिल्ह्यात आरोग्याच्या कामात काही काळ घालवला आहे. जिथे रुग्णालय गाठायला नदी ओलांडावी लागते, तिथल्या आईपुढे बायफिडोबॅक्टेरियमची चिंता मांडणे मला शक्य नाही. शहरातल्या खाजगी रुग्णालयांतील अतिवापराबद्दल लिहा, जरूर लिहा. परंतु ‘प्रतिजैविके बाळाच्या आतड्याला हानिकारक असतात’ हे अर्धे वाक्य समाजमाध्यमांतून फिरत खेड्यात पोहोचते आणि तिथे खऱ्या जंतुदोषाच्या वेळी इंजेक्शन नाकारले जाते. हे होता कामा नये.

रानवारा

@वैनगंगा, तुमचे म्हणणे पूर्ण पटते. गडचिरोलीतले उपचार ठरावीक लक्षणे पाहून दिले गेले होते, सरसकट प्रत्येक बाळाला नव्हे, हे त्यात महत्त्वाचे आहे.

सरसकट देण्याचा प्रयोग आफ्रिकेत झाला. नायजर, मलावी आणि टांझानिया या देशांत 1 ते 59 महिन्यांच्या मुलांना वर्षातून दोनदा ॲझिथ्रोमायसिनचा एकेक डोस दिला गेला आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्युदर 13.5 टक्क्यांनी कमी आढळला. सर्वाधिक लाभ अगदी लहान, सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना झाला. ज्या वयात जिवाणूंना जपा असे आपण म्हणतो, त्याच वयात! पुढे त्या भागांत त्या गटातील औषधांना दाद न देणारे जिवाणूही वाढले. जिथे बालमृत्यू फार आहेत तिथला हिशेब आणि जिथे ते कमी आहेत तिथला हिशेब एकच असू शकत नाही.

जास्वंद

पुढे मुले लठ्ठ होतात असे वाचले आहे. ते खरे आहे का?

कालवेकाठी

@जास्वंद, हा विषय गुंतागुंतीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

न्यूयॉर्कमधील मार्टिन ब्लेझर यांच्या गटाने 2014 साली दाखवले, की उंदरांना जन्मापासून केवळ चार आठवडे पेनिसिलिनची अल्प मात्रा दिली तरी पुढे त्यांच्या अंगात चरबी वाढते, आणि तोवर जिवाणू बऱ्याच अंशी पूर्ववत झालेले असतात. त्या उंदरांचे जिवाणू जंतुरहित उंदरांत सोडले, तर चरबी तिथेही वाढते. प्रयोग अतिशय नेटका आहे. परंतु फिलाडेल्फियात 38,522 मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत मिळालेली प्रतिजैविके आणि सात वर्षांपर्यंतची वजनवाढ यांचा संबंध आढळला नाही. जुळ्यांपैकी एकालाच औषध मिळाले होते अशा जोड्यांतही तो दिसला नाही. हा निष्कर्ष 2016 चा आहे.

त्यानंतर 2021 साली फिनलंडमधील 12,422 पूर्ण दिवसांच्या मुलांचा अभ्यास आला. ज्या मुलग्यांना नवजात अवस्थेत प्रतिजैविके मिळाली होती, त्यांची उंची आणि वजन पहिली सहा वर्षे इतरांहून कमी वाढले. मुलींमध्ये असे दिसले नाही. याउलट नवजात काळानंतर औषधे मिळालेल्या मुलामुलींत वजनाचे उंचीशी असलेले प्रमाण जास्त आढळले. बायफिडोबॅक्टेरियम दोन वर्षांपर्यंत कमी होते. औषध मिळालेल्या बाळांचे जिवाणू जंतुरहित उंदरांत सोडले असता नर पिल्लांची वाढ खुंटली, मादी पिल्लांची खुंटली नाही.

म्हणजे ‘लठ्ठपणा येतो’ असे एका ओळीत म्हणणे चुकीचे आहे. कोणत्या वयात, कोणते औषध, मुलगा की मुलगी, यांवर परिणामाची दिशाच बदलते. शिवाय हे फरक मोठ्या गटांच्या सरासरीतले आहेत. त्यावरून एका बाळाचे भविष्य सांगता येत नाही.

पाणवठा

मुदतपूर्व बाळांबद्दल कोणी सांगेल का?

कोयनाकाठ

@पाणवठा, त्यांचे आतडे मुळातच अपरिपक्व असते आणि आतड्याचा काही भाग सुजून मृत होण्याचा धोका त्यांना असतो. अमेरिकेतील अनेक केंद्रांच्या 2009 साली आलेल्या अभ्यासात 1,000 ग्रॅमहून कमी वजनाच्या, कल्चर स्वच्छ असलेल्या बाळांत पहिली प्रतिजैविके पाच दिवस किंवा अधिक चालू ठेवण्याचा संबंध या आजाराशी आणि मृत्यूशी आढळला. अधिक आजारी बाळांनाच औषध अधिक दिवस दिले जाते, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे पूर्णपणे वेगळे करता येत नाही. तरीही विनाकारण लांबवू नये, यासाठी तो पुरेसा इशारा आहे.

अशा बाळांना आईचे दूध न मिळाल्यास दात्या मातांचे दूध द्यावे. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू केली. दूध 62.5 अंश सेल्सिअसला तीस मिनिटे तापवल्याने त्यातील जिवाणू मरतात, पण सूक्ष्मदर्शी यांनी सांगितलेल्या ऑलिगोसॅकराइड शर्करा टिकून राहतात. कृत्रिम दुधाच्या तुलनेत दात्यांच्या दुधावर वाढणाऱ्या मुदतपूर्व बाळांत आतड्याच्या त्या आजाराचे प्रमाण कमी असते.

उंबरठा

मी या धाग्यावरची बहुधा सर्वांत वयस्कर सदस्य असेन. आमच्या घरात बाळंतिणीच्या खोलीत सहाण असायची. रोज मुरुडशेंग, जायफळ, वेखंड, हळकुंड यांचे वळसे मोजून बाळगुटी उगाळली जायची आणि जन्मल्यावर बाळाला मध चाटवला जायचा. औषधांनी पोट बिघडले असेल तर गुटी द्यावी, असे मला आजही सुचवले जाते. जाणकारांचे मत काय?

कोयनाकाठ

@उंबरठा, काकू, तुम्ही विचारलेत ते बरे झाले, कारण हा सल्ला मला दर आठवड्याला खोडावा लागतो. मधात बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार घडवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात स्थिरावलेले जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाकडे तो बंदोबस्त नसतो, आणि प्रतिजैविके मिळालेल्या बाळाकडे तर तो आणखी दुबळा असण्याची शक्यता आहे. म्हणून वर्षभर मध नको. गुटीत सहाण, पाणी आणि हात यांची स्वच्छता सांभाळणे कठीण असते. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. पूर्वी काही घरांत चीक काढून टाकत, तेही आता होऊ नये.

जास्वंद

मग प्रोबायोटिक (उपयुक्त जिवंत जिवाणूंचे) थेंब? आमच्या औषधविक्रेत्याने प्रतिजैविकाबरोबर न विचारताच दिले होते.

सूक्ष्मदर्शी

@जास्वंद, या बाबतीत भारतातलाच एक मोठा अभ्यास आहे. ओडिशातील खेड्यांत 4,556 निरोगी, स्तनपान घेणाऱ्या नवजात बालकांपैकी निम्म्यांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटारमची एक विशिष्ट जात आणि तिला पोसणारी शर्करा दिली गेली, तर उरलेल्यांना तसेच दिसणारे निष्क्रिय चूर्ण दिले गेले. 2017 साली नेचरमध्ये आलेल्या निष्कर्षानुसार जंतुदोष किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले.

मात्र ती जात दुकानातल्या कोणत्याही थेंबात असतेच असे नाही, आणि ती बालके प्रतिजैविके घेऊन आलेली नव्हती. एका जातीचा गुण दुसरीला चिकटवता येत नाही. शिवाय 2023 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुदतपूर्व बाळांना रुग्णालयात प्रोबायोटिक देण्याविरुद्ध इशारा दिला, कारण दिलेल्या जिवाणूनेच रक्तात संसर्ग होऊन एक बाळ दगावले होते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

रानवारा

एक उपविषय राहिला आहे. शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतीत आईला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून छेद घेण्यापूर्वी प्रतिजैविक दिले जाते आणि ते नाळेतून बाळापर्यंतही पोहोचते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात सुमारे एक चतुर्थांश प्रसूती शस्त्रक्रियेने होतात. ब्रिटनमधील 596 बाळांच्या 2019 सालच्या अभ्यासात अशा बाळांकडे बॅक्टेरॉइड्स फार कमी आढळले आणि रुग्णालयात वावरणारे जंतू अधिक आढळले. दूध सुटेपर्यंत बहुतेक फरक मिटले, बॅक्टेरॉइड्सची कमतरता मात्र बऱ्याच जणांत उरली. आईला ते औषध देणे आवश्यकच आहे. प्रश्न आहे तो अनावश्यक शस्त्रक्रियांचा.

निशिगंध

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके नेमके उत्तर मिळेल अशी अपेक्षा नव्हती. आता मूळ मुद्द्याकडे वळून एक व्यावहारिक गोष्ट विचारते. भाचीच्या बाबतीत जे झाले ते झाले. पुढच्या वर्षभरात आम्ही काय सांभाळावे?

कोयनाकाठ

@निशिगंध, स्तनपान चालू ठेवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे आणि तो तुमच्याकडे आधीच आहे. दुसरे असे, की पहिल्या दोन वर्षांत मुलांना सर्दी-खोकला वारंवार होतो आणि त्याचे कारण बहुतेक वेळा विषाणू असतो. त्यासाठी जुनी चिठ्ठी दाखवून ॲझिथ्रोमायसिन किंवा सेफिक्झिम आणू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही दोन्ही जपून वापरण्याच्या गटात आहेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2000 ते 2014 या काळात तान्ह्या बाळांना लिहून दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांत निम्म्याहून अधिक घट झाली आणि त्याच काळात एक ते चार वर्षांच्या मुलांतील दम्याच्या नव्या निदानांत सुमारे 26 टक्के घट दिसली. दोन्हींचा संबंध जिवाणूंच्या वैविध्यातून जातो, असे त्या संशोधकांना आढळले. मात्र तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, तर घरी वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे, आणि डॉक्टरांनी तपासून प्रतिजैविक दिले तर ते निःशंकपणे द्यावे.

तसेच रुग्णालयाच्या कार्डावर कोणते औषध किती दिवस दिले याची नोंद आहे ना ते पाहा. नसेल तर मागून घ्या.

सूक्ष्मदर्शी

@कोयनाकाठ यांच्या सूचनांना लसीकरणाची जोड देतो. ऑस्ट्रेलियातील 191 निरोगी बाळांचा अभ्यास 2025 साली नेचरमध्ये आला. नवजात अवस्थेत थेट प्रतिजैविके मिळालेल्या बाळांत न्यूमोकॉकस या न्यूमोनिया घडवणाऱ्या जिवाणूच्या लसीतील अनेक प्रकारांविरुद्धची प्रतिपिंडे सातव्या महिन्यात कमी होती. प्रसूतीच्या वेळी केवळ आईला औषध मिळाले असेल, तर असा फरक दिसला नाही. त्याच गटाने उंदरांत बायफिडोबॅक्टेरियम देऊन हा प्रतिसाद सुधारतो, असेही दाखवले.

यावरून लस निरुपयोगी ठरते असा अर्थ कोणीही काढू नये. आपल्या राष्ट्रीय वेळापत्रकात ही लस सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात आणि नंतर नऊ महिने पूर्ण झाल्यावर बूस्टर म्हणून दिली जाते.

निशिगंध

कार्ड पाहिले. औषधांची नावे आहेत, पण किती दिवस दिली ते लिहिलेले नाही. उद्या रुग्णालयात जाऊन तेवढे लिहून घेते. सहाव्या आठवड्याच्या लसी झाल्या आहेत. चौदाव्या आठवड्याची आणि नवव्या महिन्याची तारीख बहिणीच्या आणि माझ्या, दोघींच्या दिनदर्शिकेत टाकली आहे.